आधी चेहरा ओळखा, मग ट्यूब उघडा

अकरावीत असताना माझ्या गालांवर मुरुम उठले. मी गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन म्हटलं, "दादा, मुरुमावर काहीतरी द्या." त्यांनी एक छोटी ट्यूब काढून दिली. चार दिवसांत चेहरा असा स्वच्छ झाला की आईनं ती ट्यूब वाणसामानाच्या यादीतच घातली. आठ महिने गेले आणि उन्हात गेलं की गाल भाजल्यासारखे व्हायला लागले. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. ट्यूब दोन दिवस बंद केली तर पहिल्यापेक्षा दुप्पट पुरळ यायचं. तिच्यात स्टिरॉइड, म्हणजे सूज दाबणारं जोरकस औषध, आहे हे कळायला मला तीन वर्षं लागली. पुढं अडतिसाव्या वर्षी गाल आणि नाक पुन्हा लाल व्हायला लागलं, तेव्हा मुरुम परतले असं मी स्वतःच ठरवलं आणि मुरुमाची औषधं चोळण्यात चार महिने घालवले. तो रोझेशिया होता, म्हणजे चेहरा वरचेवर तापून लाल होण्याचा वेगळाच आजार.

मी डॉक्टर नाही. पण दोन्ही आजारांतून गेले आहे, आणि घरातल्या, गल्लीतल्या पोरी-पोरांना हेच पुन्हा पुन्हा सांगत आले आहे. नवख्या माणसानं सगळ्यात आधी क्रम सांभाळावा: ओळखायचं, चुकीचं लावणं थांबवायचं, कातडी शांत करायची, मग औषध.

पहिली पायरी: खिडकीपाशी आरसा

ट्यूबलाइटखाली नको. सकाळी खिडकीपाशी बसा, चेहरा धुऊन दहा मिनिटं झालेली असू द्यात. शोधायचे ते बारीक दाणे. काहींचं तोंड बंद असतं, ते पांढरट दिसतात. काहींचं उघडं असतं, ते काळे दिसतात. कपाळावर, नाकावर, हनुवटीवर, जबड्याच्या कडेला असे दाणे आणि सोबत पुवाच्या पुटकुळ्या किंवा दुखऱ्या गाठी असतील तर ते मुरुम, म्हणजे डॉक्टर ज्याला ॲक्ने म्हणतात ते. असा एकही दाणा नसेल, पण गालांच्या मधोमध, नाकावर, हनुवटीवर लालसर पुटकुळ्या येत असतील, चेहरा घडोघडी तापत असेल, बारीक लाल शिरा दिसत असतील, तर रोझेशियाची शंका घ्या. वयाचीही मदत होते. मुरुम बहुधा बारा-तेराव्या वर्षापासून सुरू होतात, रोझेशिया बहुधा तिशीनंतर. पण पस्तिशीतही मुरुम येतात, बायकांना तर बरेचदा, त्यामुळं वयावर सगळं सोडू नका.

मुरुम कसा होतो हे एकदा नीट समजून घेतलं की निम्म्या चुका आपोआप टळतात. कातडीवरच्या प्रत्येक रंध्राशी एक तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन गटातली हार्मोन्स वाढतात, मुलांत आणि मुलींतही, आणि ग्रंथी जास्त तेल सोडते. त्याच वेळी रंध्राच्या आतल्या मेलेल्या पेशी झडून बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. बुचामागं तेल साचतं, त्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू फोफावतो. तो आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर राहतो, घाणीतून येत नाही. मग शरीर त्याच्याशी झगडतं आणि सूज येते. हे बूच डोळ्याला दिसायच्या कितीतरी आठवडे आधी तयार असतं. म्हणूनच औषध उठलेल्या एका फोडावर टिकलीसारखं लावून भागत नाही, मुरुम जिथं जिथं येतात तो सगळा भाग धरावा लागतो. आणि तो काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे. उघड्या तोंडाशी साचलेलं द्रव्य आणि त्यातलं मेलॅनिन हवेनं काळवंडतं. वज्रीसारखा चेहरा घासून तो जाणार नाही. घासून सूज मात्र वाढते.

रोझेशियात घडतं ते वेगळं. चेहऱ्यावरच्या रक्तवाहिन्या आणि कातडीची प्रतिकारयंत्रणा जरा कशानंही भडकते. केसांच्या मुळाशी राहणारा डेमोडेक्स हा सूक्ष्म जीव सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतो, रोझेशियात तो जास्त आढळतो. आपल्याकडं अडचण अशी की गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून डोळ्यांपेक्षा स्पर्शावर विश्वास ठेवा. गरम चहा घेतला की गाल तापतात का? उन्हातून आल्यावर तास-तासभर चेहरा धगधगतो का? साधं मॉइश्चरायझरही झोंबतं का? मला लाली दिसायच्या आधी वर्षभर हे होत होतं आणि मी त्याला ‘उष्णता’ म्हणत होते.

आणखी काही दुखणी मुरुमांसारखी दिसतात. कपाळावर, छातीवर, पाठीवर सगळे एकाच मापाचे, खाजणारे दाणे असतील आणि जून ते सप्टेंबर वाढत असतील, तर ते बुरशीचं पुरळ असू शकतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपडे अंगावरच वाळतात, तेव्हा हे हमखास दिसतं, आणि अँटिबायोटिकच्या गोळीनं ते उलट वाढतं. नाकपुड्यांच्या घडीत, भुवयांत पिवळसर तेलकट खपल्या असतील तर तो कोंड्याचाच भाऊ. गालांवर फुलपाखरासारखी लाली, सोबत सांधेदुखी, बारीक ताप, तोंडात फोड असं काही असेल तर घरी थांबू नका, तो वेगळाच आजार असू शकतो.

दुसरी पायरी: लावत असलेल्या ट्यूब वाचा

हे मी सगळ्यात कळकळीनं लिहिते आहे. घरातल्या सगळ्या ट्यूब, डब्या टेबलावर मांडा आणि बारीक अक्षरातली नावं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यातलं एक जरी नाव दिसलं तर ती स्टिरॉइडची क्रीम आहे. ही औषधं वाईट नाहीत. इसबाला, सोरायसिसला, डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी आणि सांगितलेले दिवस ती फार गुणाची आहेत. पण मुरुमावर आणि गोरेपणासाठी ती लावली की काय होतं ते मी भोगलंय. सूज दबते म्हणून आठवडाभर चेहरा चकचकीत दिसतो. आत कातडी पातळ होत जाते, बारीक शिरा दिसायला लागतात, ओठांभोवती पुरळ येतं, मुलींच्या गालांवर लव वाढते. आणि क्रीम थांबवली की चेहरा असा पेटतो की माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो.

कोल्हापुरात हे दोन वाटांनी घरात येतं. एक, नायट्याची ट्यूब. बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र केलेली. तालमीतल्या पोरांना मांडीत, काखेत नायटा होतो, कुणीतरी ही ट्यूब देतं, मग तीच तोंडाला. अशा मिश्रणानं नायटासुद्धा धड बरा होत नाही, फक्त चिवट होतो. दुसरी वाट गोरं करणाऱ्या क्रीमची. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं त्रिकूट. ती मैत्रिणींमधून, पार्लरमधून फिरते. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये चेहऱ्यावर सर्रास वापरल्या जाणाऱ्या अशा अनेक स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी "तीच मागची द्या" म्हटलं की ट्यूब हातात येते, हे आपण सगळे जाणतो. मागणारे आपणच असतो, तेव्हा मागणं थांबवणं आपल्या हातात आहे. नाव-घटक काहीच न छापलेल्या डबीतली क्रीम तर तोंडाजवळ नेऊ नका. तशा काहींत पारा सापडला आहे आणि पारा मूत्रपिंडाला इजा करतो.

महिना-दोन महिन्यांपेक्षा जास्त स्टिरॉइड लावलं असेल तर एका दिवसात फेकून मोकळं होऊ नका. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, सोडायची पद्धत तेच ठरवतील. सोडल्यानंतरचे काही आठवडे, कधी काही महिने, आग होणार. ती आग म्हणजे उपचार चुकतोय असं नव्हे. मी तेव्हा थंड पाण्याच्या घड्या आणि साधं मॉइश्चरायझर एवढ्यावर तीन महिने काढले.

तिसरी पायरी: दोन आठवडे फक्त साधेपणा

औषधाआधी कातडीला उसंत द्या. सकाळ-संध्याकाळ सौम्य, बिनवासाचा फेसवॉश, बोटांनी, कोमट किंवा गार पाण्यानं. त्यावर मॉइश्चरायझर. तेलकट चेहऱ्यालासुद्धा ते लागतं, फक्त पातळ जेलसारखं घ्यावं आणि डबीवर नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे रंध्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं बघावं. सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. मुरुम बसल्यावर राहणारे काळे डाग उन्हानं गडद होतात, आणि रोझेशियाला तर ऊन म्हणजे ठिणगी. बस्स, एवढंच.

लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा हे तिन्ही बंद. लिंबाचा रस लावून उन्हात गेलेल्या मुलीच्या गालावर भाजल्यासारखे पट्टे उठलेले मी पाहिलेत. बेसन-हळद कुणाला मानवत असेल तर तिच्यावर माझा राग नाही, पण तिनं बूच निघत नाही. डोक्याला तेल चोपडून झोपण्याची आपली सवय मात्र कपाळावरच्या दाण्यांचं मोठं कारण असते. तेल रात्री लावायच्या ऐवजी न्हाण्याआधी तासभर लावा आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

चौथी पायरी: मुरुमाचं औषध

सौम्य आणि मध्यम मुरुमांना दोन औषधं पाया म्हणून पुरतात. एक बेंझॉइल पेरॉक्साइड, ते जिवाणू मारतं. दुसरं ॲडापलिन, ते बूच बसू देत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा. पण लावायची रीत ओपीडीच्या गर्दीत कुणी सविस्तर सांगत नाही, म्हणून ती इथं लिहिते.

बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं घ्या. पाच किंवा दहा टक्के म्हणजे दुप्पट-चौपट गुण असं नसतं, जळजळ मात्र वाढते. सकाळी पातळ थर. हे औषध कापडाचा रंग उडवतं, तेव्हा टॉवेल आणि अभ्रा पांढराच ठेवा. माझ्या बहिणीच्या नव्या पैठणीच्या ब्लाउजच्या गळ्याला कायमचा पांढरट डाग बसला आहे.

ॲडापलिन ०.१ टक्का, रात्री. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, वीस मिनिटं थांबलात तरी चालेल. मग वाटाण्याएवढा थेंब अख्ख्या चेहऱ्याला. वाटाणा म्हणजे खरंच वाटाणा, आवळा नव्हे. कपाळ, दोन गाल, हनुवटी असे चार ठिपके देऊन पसरा. डोळ्यांभोवती, नाकपुडीच्या घडीत आणि ओठांच्या कोपऱ्यात लावू नका. पहिले दोन आठवडे एक रात्र लावा, दोन रात्री सुट्टी द्या. झोंबलं तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, वरून पुन्हा मॉइश्चरायझर. दोन्ही औषधं एकाच दिवशी सुरू करू नका, नाहीतर कशानं झोंबलं ते कळत नाही. पहिल्या महिन्यात मुरुम थोडे वाढल्यासारखे वाटतात. बहुतेक जण इथंच सोडतात. बारा आठवडे होईपर्यंत निकाल काढू नका. दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा, कारण रोज आरसा बघणाऱ्याला फरक दिसत नाही. या औषधावर असताना चेहऱ्याचं वॅक्सिंग नको, कातडी सोलवटते. दिवस राहिले असतील किंवा राहावेत असा विचार असेल तर ॲडापलिन आणि ट्रेटिनॉइन नको. तिथं ॲझेलेइक ॲसिड हा चांगला पर्याय आहे, आणि आपल्या कातडीवरच्या काळ्या डागांवरही ते काम करतं.

क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल खूप विकलं जातं. ते एकटं लावू नये, बेंझॉइल पेरॉक्साइडसोबतच लावावं, नाहीतर जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

आता खाणं. तांबड्या रश्श्यानं मुरुम येतात असं पोरांना बजावणाऱ्या सगळ्या आज्ज्यांना मला आदरानं सांगायचंय की तिखटाचा आणि मुरुमांचा तसा संबंध सिद्ध झालेला नाही. संशय आहे तो साखर-मैद्यावर, म्हणजे रक्तातली साखर पटकन चढवणाऱ्या खाण्यावर, आणि काही प्रमाणात दुधावर. गंगावेशीत रात्री उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणं हा आपल्या गावचा थाट आहे, तो कुणी मुरुमापायी सोडावा असं मी म्हणणार नाही. पण रोज लिटर-दीड लिटर पिणाऱ्या पैलवानाचे मुरुम हटत नसतील तर महिनाभर कमी करून बघावं. जिममधल्या व्हे प्रोटीनबद्दल, म्हणजे दुधापासून बनणाऱ्या प्रोटीन पावडरीबद्दल, हीच शंका आणखी ठाम आहे. आणि कुणी अंग भरण्यासाठी इंजेक्शन घेत असेल, तर छाती-पाठीवर अचानक उसळलेले मुरुम ही त्याची खूण असते. डॉक्टरांपासून ती गोष्ट लपवू नका.

तालमीतल्या पोरांसाठी आणखी थोडं. आखाड्याच्या तांबड्या मातीत तेल, हळद, ताक, लिंबू मिसळलेलं असतं. माती अंगाला लागणारच. कुस्ती संपली की माती घामासकट वाळू न देता आंघोळ करा, लंगोट रोज धुवा, टॉवेल एकमेकांचा घेऊ नका. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत मशीनवर काम करणाऱ्यांच्या हातांवर, मांड्यांवर काळे दाणे येतात, ते बहुतेक वेळा कटिंग ऑइलचे असतात. तेलात भिजलेली पॅन्ट तशीच घालून दिवस काढू नका. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाताना आधी मॉइश्चरायझर लावा, आणि परत आल्यावर गुलाल कोरडाच झटकून मग सौम्य फेसवॉशनं धुवा. घासून एकाच दिवसात गुलाल काढायचा हट्ट धरू नका, उरलेला दोन दिवसांत जातो.

पाचवी पायरी: गोळ्यांची वेळ

दुखऱ्या खोल गाठी, खड्डे पडायला लागलेत, पाठभर मुरुम, किंवा बारा आठवडे नीट लावूनही फरक नाही, यापैकी काहीही असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञ. मुरुम फोडू नका, खड्डे तिथूनच पडतात आणि पडलेला खड्डा क्रीमनं भरत नाही. पाळी दोन-दोन महिने चुकते, हनुवटीवर राठ केस येतात आणि मुरुम जबड्याकडेला आहेत, असं एकत्र असेल तर पीसीओएसची, म्हणजे बायकांच्या हार्मोन्समधल्या बिघाडाची, तपासणी मागून घ्या.

डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं तर ते ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेत गोळी अडकून जखम होते. दुधासोबत घेऊ नका. ते घेत असताना ऊन जास्त बाधतं. हा कोर्स साधारण तीन-चार महिन्यांत संपवायचा असतो, जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर चालवायचा नसतो.

आयसोट्रेटिनॉइन हे सगळ्यात जोरकस औषध आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमज त्याचेच. ओठ फुटतात, कातडी कोरडी पडते, लिव्हर आणि चरबीच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात, मन खचल्यासारखं वाटलं तर लगेच सांगावं लागतं. जेवणासोबत घ्यावं. गर्भावर त्याचा परिणाम भयंकर असतो. ते चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना दिवस राहता कामा नयेत, आणि त्या काळात रक्तदानही करायचं नसतं. आपल्याकडं लग्न दोन महिन्यांवर आलं की मुलीला घेऊन घरचे दवाखान्यात धावतात. तेव्हा लग्नाची तारीख डॉक्टरांना लाजून लपवू नका. पोरीलाही काय घेतोय ते पुरतं समजावून सांगा, नुसत्या आईला नको.

सहावी पायरी: रोझेशिया असेल तर

इथं पहिलं औषध म्हणजे वही. चेहरा भडकला की वेळ लिहा आणि त्याआधी दोन तासांत काय घडलं ते लिहा. ऊन, गरम चहा, झणझणीत खाणं, दारू, धग, व्यायाम, राग, रडू. प्रत्येकाचं कारण वेगळं. मुरुमाच्या बाबतीत मी तांबड्या रश्श्याला सोडवलं, पण इथं तो दोषी ठरू शकतो. माझ्या वहीत तो कधी आला नाही, वाफाळता चहा मात्र अकरा वेळा आला. मी चहा सोडला नाही, बशीत ओतून निववून पिते. मिसळ खाते, कट कमी घेते. गुऱ्हाळावर काहिलीजवळ उभा राहणारा गुळव्या, चुलवाणात जळण घालणारा गडी, भट्टीपुढचा कामगार यांना धग टाळता येत नाही. त्यांनी पाळीपाळीनं बाहेर यावं, ओला गार टॉवेल मानेवर ठेवावा, चेहरा चोळू नये.

औषधांत मेट्रोनिडॅझोल, ॲझेलेइक ॲसिड आणि आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीम ही मुख्य. पुटकुळ्या जास्त असतील तर डॉक्सिसायक्लिन कमी मात्रेत. दिसणाऱ्या शिरा क्रीमनं जात नाहीत, त्याला लेझर लागतो, आणि सावळ्या कातडीवर लेझर अनुभवी हातानंच करून घ्यावा. स्क्रब, ब्लीच आणि अल्कोहोलवाला टोनर पूर्ण बंद. हा आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. माझा चार वर्षं आहे.

डोळ्यांकडं लक्ष ठेवा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी कचकच, पापण्यांच्या कडा लाल, वरचेवर रांजणवाडी, असं असेल तर रोझेशिया डोळ्यांत उतरला असू शकतो. दुखायला लागलं किंवा अंधुक दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा.

दवाखान्यात जाताना

खासगी तज्ज्ञ राजारामपुरी, शाहूपुरीत बरेच आहेत. पैशाची अडचण असेल तर दसरा चौकाजवळच्या सीपीआर हॉस्पिटलमध्ये त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. त्या दिवशी मेकअप नको, सनस्क्रीनही नको. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या, रविवारचे फोटो मोबाइलमध्ये एका जागी ठेवा, आणि चालू असलेल्या गोळ्यांची यादी लिहून न्या. चिठ्ठी हातात आली की तीन गोष्टी विचारून त्याच कागदावर लिहून घ्या: हे किती लावायचं, किती दिवसांनी फरक दिसेल, आणि आग झाली तर काय थांबवायचं. पुढची तारीख घेतल्याशिवाय उठू नका.